बालतिकीट आणि वयाचा पुरावा

वयाचा पुरावा म्हणजे रेल्वेत बालतिकिटावर प्रवास करणाऱ्या मुलाचे वय सवलतीच्या मर्यादेत बसते, हे तिकीट काढताना किंवा तपासणीच्या वेळी दाखवून देणे. भाडे वयावर ठरते आणि वय मात्र चेहऱ्यावरून अंदाजानेच कळते. त्यामुळे बालभाडे आहे तिथे हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात येतोच.

मर्यादा देशोदेशी वेगळ्या आहेत. भारतात ५ वर्षांखालील मूल वेगळा बर्थ न घेता फुकट प्रवास करते आणि ५ पूर्ण झाल्यापासून १२ पूर्ण होईपर्यंत, बर्थ घेतला नाही तर, बालभाड्याची सवलत असते. म्हणजे बारावे लागलेले मूल सवलतीत बसते, बारा सरलेले बसत नाही. फ्रान्समध्ये ही सवलत ४ ते ११ वर्षांच्या मुलांना आहे, ब्रिटनमध्ये ५ ते १५. तेरा वर्षांच्या मुलाला भारतात पूर्ण तिकीट पडते, ब्रिटनमध्ये अर्धे. जपानमध्ये वयाला शाळेची जोड आहे : ६ ते ११ वर्षांचे मूल बालभाड्याचे, पण बारा झालेले असूनही प्राथमिक शाळेत असेल तर तेही बालभाड्याचेच. तिथले शालेय वर्ष मार्चअखेर संपते, म्हणून सवलतही वाढदिवसाला न संपता ३१ मार्चला संपते.

चीनने बराच काळ वय विचारलेच नाही; उंची मोजली. १.२ मीटरपर्यंत फुकट, १.५ मीटरपर्यंत सवलत. कागद लागत नाही, वाद होत नाही, स्थानकावरच्या खुणेपाशी मूल उभे केले की झाले. पण उंच मुलांवर त्यात उघड अन्याय होता. १ जानेवारी २०२३ पासून नावानिशी तिकीट असलेल्या गाड्यांत उंचीची जागा वयाने घेतली : ६ वर्षांखालील मूल फुकट, ६ पूर्ण ते १४ पूर्ण होईपर्यंत सवलत, आणि वय मोजायचे ते प्रवासाच्या तारखेला. हा बदल न्याय्य खरा, पण त्याबरोबर मुलाचा कागद बाळगण्याची जबाबदारी पालकांवर आली.

खरी ओढाताण वरच्या सीमेवर होते. अकरा-बारा वर्षांच्या, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या उंचीत वीतभर फरक असू शकतो, आणि नेमक्या याच वयात हाताशी ओळखपत्र नसते. वाहन परवाना, मतदार ओळखपत्र ही पुढची गोष्ट. पासपोर्ट असलाच तर तो कोणी रोजच्या गाडीत घेऊन फिरत नाही. शाळेच्या ओळखपत्रावर इयत्ता असते, जन्मतारीख असतेच असे नाही. जन्मदाखल्यावर तारीख पक्की, पण फोटो नाही. तो समोरच्याच मुलाचा आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. आधार कार्डावर दोन्ही असते, मात्र बायोमेट्रिक नोंद पाचव्या आणि पंधराव्या वर्षी करायची असल्याने मध्ये अद्ययावत केले नसेल तर अकरा वर्षांच्या मुलाच्या कार्डावर बालवाडीतला चेहरा दिसतो. शिवाय जन्माची नोंदच नसलेली मुले आहेत. जगभरात पाच वर्षांखालील अशी मुले १६.६ कोटी असल्याचा युनिसेफचा अंदाज २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला होता.

म्हणून बहुतेक ठिकाणी पुरावा सरसकट मागत नाहीत. शंका आली तरच मागतात. शंका यावी की नाही हे तपासनीस ठरवतो, आणि लवकर वाढलेल्या मुलाला त्याचा त्रास पुन्हापुन्हा होतो. यावर सरळ उपाय म्हणजे वय एकदाच तपासून सवलतीचे कार्ड देणे. लंडनमध्ये ५ ते १०, ११ ते १५ आणि त्यापुढच्या वयोगटांसाठी फोटो असलेली झिप कार्डे आहेत. जपानमध्ये मुलांचे सुइका कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून भाड्यासाठी वापरायचे कार्ड, घेताना वयाचा कागद दाखवावा लागतो. मग ते स्थानकाच्या फाटकावर टेकवले की पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा आवाज येतो. मोठ्या माणसाने ते वापरले तर शेजारच्या कर्मचाऱ्याला कान देऊन कळते, कोणालाही थांबवून जन्मतारीख विचारावी लागत नाही. अशा कार्डाने मुलाची सगळी माहिती दर वेळी उघड होत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

भारतात आरक्षणाच्या फॉर्मवर वय लिहावे लागते आणि ते टीसीकडच्या चार्टमध्ये नावापुढे दिसते. तरी ई-तिकिटावर एकत्र प्रवास करणाऱ्यांपैकी कोणा एकाने मूळ ओळखपत्र दाखवले की पुरते, त्यामुळे मुलाचा कागद सहसा बाहेर निघतच नाही. अनारक्षित तिकिटावर तर नाव-वय काहीच नसते. किती मोठे, किती लहान एवढेच छापलेले असते.

एप्रिल २०१६ मध्ये इथला नियम बदलला. तोपर्यंत अर्ध्या भाड्यात मुलाला पूर्ण बर्थ मिळे. त्यानंतर बर्थ हवा असेल तर ५ ते १२ वयाच्या मुलालाही पूर्ण भाडे पडू लागले. अर्धे तिकीट उरले ते बर्थ न घेणाऱ्यांसाठी. पालकांना हे महाग पडले, पण वयाच्या वादाचे मूळही त्याने बरेचसे कापले. बर्थवरच्या मुलाचे वय अकरा लिहा की तेरा, पैशात फरक पडत नाही. वाद शिल्लक राहिला तो बर्थशिवायच्या अर्ध्या तिकिटापुरता आणि अनारक्षित डब्यापुरता.

चूक आणि लबाडी यांत भारतीय कायदा फरक करतो. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १३८ नुसार योग्य तिकीट नसलेल्या प्रवाशाकडून भाडे आणि शिवाय जादा आकार घेतात. हा आकार भाड्याइतका किंवा २५० रुपये, यांपैकी जास्त असेल तो. फसवण्याच्या हेतूने केलेल्या प्रवासासाठी कलम १३७ आहे आणि त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे न भरणाऱ्याला गाडीतून उतरवण्याचा अधिकार कलम १३९ देते, पण सोबत पुरुष प्रवासी नसलेल्या स्त्रीला किंवा मुलाला वाटेल तिथे उतरवता येत नाही : प्रवास सुरू केला ते स्थानक, जंक्शन, शेवटचे स्थानक किंवा जिल्ह्याचे ठिकाण, आणि तेही दिवसाउजेडी.