दवाखान्यातलं मूल आणि शाळेचा हजेरीपट

उपग्रहावरून धडे पोहोचवण्यासाठी २००४ मध्ये 'एज्युसॅट' सोडला गेला. पण त्याचे संच बसले शाळांत आणि प्रशिक्षण केंद्रांत. अंथरुणावरच्या मुलाला त्याचा उपयोग नव्हता.

खरा गुंता २०१२ चा. शिक्षणहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरीच शिकण्याचा पर्याय मिळाला. नको असलेलं मूल घरी बसवायला शाळांना आयतं निमित्त सापडेल, हा आक्षेप तेव्हाच आला आणि तो चुकीचा नव्हता. मात्र त्या वादात आजारी मूल कुणाच्या हिशेबातच आलं नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार अपंगत्वाच्या यादीत घेतले. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र मात्र लागतं. गडचिरोली-गोंदियाकडचं सिकलसेलचं पोर एरवी चालतं-फिरतं असतं, दुखणं उसळलं की आठ-आठ दिवस भरती. त्याचे टक्के कोणत्या दिवशी मोजायचे? रक्ताच्या कर्करोगाचा तर यादीत उल्लेखच नाही. त्याचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात, तेही बहुधा नागपूर नाहीतर सेवाग्रामला मुक्काम ठोकून.

२०२० मध्ये सगळ्यांच्याच शाळा बंद झाल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर गृहपाठ, दूरदर्शनवर धडे, रेंज नसलेल्या टोल्यांवर गुरुजींच्या फेऱ्या. आजारी मूल तेवढ्या काळापुरतं इतरांच्या बरोबरीला आलं. शाळा उघडल्या आणि ते ग्रुप सूचनांपुरते उरले.

फोन नाही, हे एकच कारण पुढे केलं जातं. ते अर्धंच. घरातला एकुलता स्मार्टफोन बापासोबत कामावर जातो, दवाखान्यात मायजवळ साधा बटणांचा फोन असतो, हे खरंच आहे. पण द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन वर्ग सांभाळणाऱ्या बाईंनी व्हिडिओ कॉल लावलाच, तरी तो हजेरी म्हणून कुठे नोंदवायचा? पटावर वर्गात बसलेलंच मूल हजर. महिनाभर सलग गैरहजर राहिलं की सर्वेक्षणात ते शाळाबाह्य ठरतं, मग ते शेळ्या राखत असो की केमो घेत असो.

२०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास होणं पुन्हा आवश्यक झालं. आधी न शिकताही वर सरकणारं आजारी मूल आता त्याच वर्गात अडकू शकतं, म्हणून पालक विचारू लागले आहेत: खाटेवरून केलेले तास हजेरीत धरणार की नाही?