ताओ आधी पोचला, मठ मागाहून

'ताओ' हा शब्द दुसऱ्या भाषेत न्यायचा कसा, यावरचा पहिला मोठा वाद युरोपात नव्हे, संस्कृतवरून झाला. कामरूपचा, म्हणजे आजच्या आसामचा, राजा भास्करवर्मा याने चीनच्या दरबाराकडे लाओ त्झू या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाचा 'ताओ ते चिंग' हा ग्रंथ मागितला होता. 647 साली तांग सम्राटाने भाषांतराचं काम ह्युएन त्संगावर सोपवलं. हा तोच भिक्षू, जो काही वर्षांपूर्वी पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन इथल्या माणसांचा मानी स्वभाव लिहून गेला होता. ताओ म्हणजे 'मार्ग', असं त्याचं म्हणणं. सोबतच्या ताओ पंडितांना मात्र 'बोधी' हवं होतं. चिनी माणसाच्या लेखी तेव्हाची 'पश्चिम' म्हणजे आपला देश.

शब्दाचा तंटा निदान बसून सोडवता येतो. पुढे युरोप-अमेरिकेत आलेली अडचण त्याहून अवघड होती. तिथे ग्रंथ पोचला, ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायामही पोचला. पण हे दोन्ही ज्या समाजात रोज जगलं जातं, तो समाज पोचायला फार वेळ लागला.

ताओ म्हणजे डोंगरात एकटा बसलेला म्हातारा, हे चित्र आपल्याकडेही रुजलं आहे. ते अपुरं आहे. धर्म म्हणून ताओपंथाची सुरुवातच वस्तीपासून झाली. 142 साली सिचुआनच्या डोंगरात झांग दाओलिंग याला लाओ त्झूचं दैवी रूप दिसलं, अशी परंपरा सांगते. त्याने आपल्या लोकांचे चोवीस विभाग पाडले आणि प्रत्येकावर पुरोहित नेमले. घरटी पाच मापं तांदूळ द्यायचे, म्हणून बाहेरच्यांनी या पंथाला 'पाच माप तांदूळवाले' असं नाव ठेवलं. पुढे बाराव्या शतकात वांग चोंगयांग याने छ्वानझेन पंथ काढला. या पंथाचे साधू ब्रह्मचारी आणि शाकाहारी असतात, मठात राहतात. झांग दाओलिंगला मूळपुरुष मानणाऱ्या जुन्या झेंगयी परंपरेतले पुरोहित मात्र संसारी, गावात राहून लोकांची विधिकार्यं करणारे.

छ्वानझेनच्या मोठ्या मठांना 'दहा दिशांचं वन' म्हणत. कुठल्याही दिशेने आलेल्या दीक्षित साधूला तिथे झोळी अडकवून मुक्काम करता येई, मात्र नित्यपाठ म्हणता यायला हवा. पाठ आला की पंगतीत जागा आणि वाट्याला काम. लहान मंदिरं गुरु-शिष्यांच्या वंशाने चालत. शिष्य तिथे तयार होई आणि विधिवत दीक्षेसाठी मोठ्या मठात जाई. बीजिंगचा श्वेतमेघ मठ हे त्यातलं मुख्य ठाणं. पंथ टिकला तो या व्यवस्थेवर, आणि पश्चिमेत नेमकी हीच उभी करायला कुणी नव्हतं.

खरं तर अमेरिकेत ताओपंथी देवळं फार आधी पोचली होती. 1849 नंतर सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात उतरलेल्या चिनी मजुरांनी वस्ती तिथे देऊळ बांधलं. व्हीव्हरव्हिल या डोंगरातल्या गावचं देऊळ 1873 मध्ये जळालं, तर त्यांनी 1874 मध्ये पुन्हा उभं केलं. नाव ठेवलं 'मेघांखालच्या वनातलं देऊळ'. दर्शनी भिंत निळी रंगवलेली, आणि दारातून आत शिरताच समोर उंच लाकडी आडोसा. भुताखेतांना वळण घेता येत नाही, ती सरळच चालतात, म्हणून हा आडोसा. गोरे लोक अशा देवळाला 'जॉस हाउस' म्हणत. 'जॉस' हा पोर्तुगीज 'देउश'चा अपभ्रंश, आणि 'देउश' व आपला 'देव' एकाच मुळातले. म्हणजे आपल्या ओळखीचाच शब्द त्या पाटीवर होता.

1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद झाली आणि ती 1943 पर्यंत उघडली नाहीत. वस्त्या ओसरल्या. व्हीव्हरव्हिलच्या देवळात 1930 च्या दशकात चोरी झाली, तेव्हा तिथल्याच एका जुन्या चिनी कुटुंबातला मून ली विश्वस्त म्हणून पुढे आला. त्याच्यासारख्या माणसांमुळे ते देऊळ आज उभं आहे आणि तिथे अजूनही पूजा होते. ताओपंथाचा पाश्चात्त्य इतिहास लिहिताना या मजुरांना वगळून थेट 1960 पासून सुरुवात करतात, हे मला मुळीच पटत नाही.

गोऱ्या वाचकांचा ताओ या देवळांतून आलाच नाही, पुस्तकांतून आला. लाओ त्झूच्या ग्रंथाचं जेम्स लेग यांचं इंग्रजी भाषांतर 1891 चं, पण तेवढ्यावरून पंथ कळणार कसा? ताओपंथाचा ग्रंथसंग्रह सुमारे पंधराशे ग्रंथांचा. 1445 मध्ये छापलेल्या त्या संग्रहाची श्वेतमेघ मठातली प्रत 1923 ते 1926 दरम्यान शांघायमध्ये पुन्हा छापली गेली, तोवर बाहेरच्या अभ्यासकांच्या हाती तो जवळपास आलाच नव्हता. एक-दोन ग्रंथ वाचून 'विधी नाही, पुरोहित नाही, शुद्ध तत्त्वज्ञान' असा ताओ पश्चिमेने मनाशी रचला. तो त्यांना सोयीचाही होता.

1965 मध्ये अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा सैल झाला आणि शिकवणारी माणसं येऊ लागली. शांघायचे ग्या-फू फेंग त्याआधीच अमेरिकेत आलेले; ते आधी कॅलिफोर्नियात आणि मग कोलोरॅडोत आश्रमासारखी वस्ती चालवत होते. 1976 मध्ये लॉस एंजेलिसला आलेले नी ह्वा-चिंग वैद्यकी आणि साधना शिकवू लागले. दुसऱ्या दिशेने क्रिस्तोफर शिपर हा डच अभ्यासक तैवानला गेला आणि 1968 मध्ये तैनान इथे रीतसर झेंगयी दीक्षा घेऊन पुरोहित झाला. ग्रंथ वाचणाऱ्याने प्रत्यक्ष विधी हातात घेणं, हे मला त्या काळातलं सर्वांत मोठं पाऊल वाटतं.

पण संस्था कशी उभी राहते ते पाहायचं तर टोरांटोकडे वळावं लागतं. मोय लिन-शिन 1970 मध्ये हाँगकाँगहून कॅनडात आले. 1968 मध्ये हाँगकाँगला स्थापन झालेल्या फुंग लॉय कोक या ताओ संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक. कॅनडात त्यांनी प्रवचनं दिली नाहीत, ताई चीचे वर्ग काढले. गुडघे दुखतात म्हणून आलेला माणूस काही महिन्यांनी स्वयंपाकघरात भाजी चिरताना दिसे, पुढे वेदीवरची उदबत्ती लावताना, आणि त्यानंतर अर्थ पुरता न कळताही चिनी पाठ म्हणताना. शिकवणारे सगळे विनामूल्य शिकवत. ऑरेंजव्हिल गावाजवळ त्यांनी आरोग्यकेंद्र आणि निवासी शिबिरांची जागा केली. 1998 मध्ये ते वारले, तेव्हा त्यांची संस्था अनेक देशांत पसरली होती. बऱ्याच सभासदांसाठी ती आजही व्यायामाचाच वर्ग आहे. त्यात मला कमीपणा वाटत नाही. पंढरीच्या वाटेवर निघालेल्या प्रत्येकाने गाथा वाचलेली असतेच असं नाही.

याच काळात चीनमध्ये दीक्षेची वाटच तुटली होती. सांस्कृतिक क्रांतीत, 1966 ते 1976 या वर्षांत, मठ बंद पडले आणि साधूंना मठांतून हुसकावलं गेलं. श्वेतमेघ मठात दीक्षाविधी पुन्हा झाला तो 1989 मध्ये. त्यानंतरच पाश्चात्त्य साधकांना चीनमध्ये जाऊन परंपरेत नाव लावून घेणं शक्य झालं. 1996 मध्ये ब्रिटनमध्ये ताओ संघटना उभी राहिली, ती छ्वानझेन पंथाच्या लोंगमेन शाखेत दीक्षा घेतलेल्यांची. अमेरिकेत 2007 मध्ये लुई कोमजाथी आणि केट टाउनसेंड यांनी दाओइस्ट फाउंडेशन काढलं. ग्रंथाभ्यास, नीतिनियम आणि ध्यान एकत्र शिकवायचं, हा त्यामागचा आग्रह.

अशा केंद्रांपुढचा पेच अगदी रोजचा असतो. छ्वानझेनची दीक्षा मठात राहणाऱ्यासाठी घडवलेली आणि इथे दीक्षित माणूस सकाळी नोकरीला जातो. पाठ चिनीतच म्हणायचा की इंग्रजीत? वेदीवर कोणत्या देवता बसवायच्या? जागेचं भाडं शिबिरांच्या फीमधून काढायचं की दानातून? पाच माप तांदळाचा हिशेब सिचुआनमध्ये वस्तीतल्या घरांच्या जोरावर चालला होता. पश्चिमेतल्या केंद्रात बहुतेकदा आधी गुरू येतो, मग शिबिरार्थी येतात, आणि गाव जमलंच तर सगळ्यांत शेवटी जमतं.