पेमेंट बाहेर गेलं, तक्रार काउंटरवरच राहिली

सोलापुरात नवी पेठेत साउंडबॉक्स दिवसभर ओरडत असतात, तेव्हा बँकेतल्या लोकांना आता काम तरी काय उरलं असं बरेच जण म्हणतात. पण काम उरलंय, आणि मशीनपायी येणारा ताणही; तो ताण आजचा नाहीच.

सप्टेंबर 1983 मध्ये बँका आणि कर्मचारी संघटनांचा मशीन बसवण्याबद्दल करार झाला, 1984 ला बँकांत कॉम्प्युटर आणण्याबद्दल रंगराजन समितीचा रिपोर्ट आला, त्याच वर्षी तिकडं अमेरिकेत क्रेग ब्रॉडनं टेक्नोस्ट्रेसवर, म्हणजे कॉम्प्युटरपायी माणसाला येणाऱ्या ताणावर, अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडं तेव्हा भीती एकच, कॉम्प्युटर नोकरी खाणार. मग 2000-01 ला व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना, आली, सरकारी बँकांतून लाखभर लोक बाहेर पडले, आणि जे राहिले त्यांना लेजर सोडून कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या ब्रँचची खाती एकाच कॉम्प्युटर सिस्टिमवर, शिकावं लागलं, पन्नाशीत पासवर्ड लक्षात ठेवायचा म्हणजे काय ते त्यांनाच विचारा. तरी ती भीती शिकून जाणारी होती.

खरी गोची 2016 नंतर झाली. एप्रिलमध्ये यूपीआय आलं, 8 नोव्हेंबरला नोटाबंदी, चलनातल्या 86 टक्के किमतीच्या नोटा एका रात्रीत बाद, आणि ज्यांचा पगार रोख हातात पडायचा ते विडी कामगार, यंत्रमागवाले सगळे लाइनीत. पुढं ऑगस्ट 2023 मध्ये यूपीआयचे व्यवहार महिन्याला 1000 कोटींवर गेले, पैसा मोबाईलवरून पळतो, पण अडकला की माणूस ब्रँचमध्येच येतो ना. एकानं दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेले पैसे कटले पण पोचले नाहीत तर पुढच्या दिवसापर्यंत परत यायला पाहिजेत, नाहीतर रोज 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे, पण घोळ नेमका कुठल्या सर्व्हरवर झाला ते क्लार्कला त्याच्या स्क्रीनवर बऱ्याचदा दिसतच नाही, तो फक्त कम्प्लेंट टाकणार आणि शिव्या खाणार.

त्यात सायबर होल्डचं, म्हणजे ऑनलाइन फ्रॉडच्या तक्रारीवरून खात्यातले पैसे अडवण्याचं, लफडं वेगळंच. कुठल्यातरी फ्रॉडमधले दोनशे रुपये फिरत फिरत चहावाल्याच्या खात्यात येतात, होल्ड लागतो, तक्रार परराज्यातल्या पोलिसांकडं, ब्रँचला परस्पर होल्ड काढता येत नाही. चहावाला बिचारा रोज येणार, कारण त्याला हीच बँक माहिती. त्याला समजावण्यात क्लार्कचा अर्धा तास जातो, तो कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही, आणि संध्याकाळी वरून फोन येतो तो आज किती क्यूआर लावले, ॲप किती जणांना चालू करून दिलं हे विचारायला.