उजव्या अंगाचं इंजिन: शे लोकोमोटिव्हच्या मॉडेलांमागचा इतिहास

लाकूडतोडीच्या रेल्वेचं वाफेचं इंजिन किट न घेता, नुसत्या पत्रा-नळी-पट्टीतून घडवायचं ठरवलं की मॉडेलकारांची पावलं हटकून शे इंजिनाकडे वळतात. या इंजिनाच्या उजव्या बाजूला दोन किंवा तीन उभे सिलिंडर असतात. त्यांच्याखालून पुढच्या बोगीपासून मागच्या बोगीपर्यंत एक शाफ्ट जातो (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, इंजिनाखालचा वळणारा चाकांचा गाडा) आणि चाकांच्या बाहेरच्या तोंडावर बेव्हल गिअर, म्हणजे काटकोनात फिरवणारे तिरप्या दात्यांचे गिअर, बसवलेले असतात. हे सगळं उघड्यावर! नेहमीच्या इंजिनाच्या मॉडेलमध्ये मोटर आणि गिअर बॉयलरच्या पोटात दडवले आणि बाहेर रॉड हलताना दिसले की भागतं. शेमध्ये ही सोय नाही. म्हणून या मॉडेलांचा इतिहास बराचसा त्या एका शाफ्टभोवतीच फिरतो.

मूळ इंजिनही एका अर्थाने घरीच घडलं. एफ्रेम शे (1839–1916) हा अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, कॅडिलॅकजवळच्या हॅरिंग इथे लाकडाचा धंदा करायचा. बर्फावरून ओंडके ओढायचे तर हिवाळ्याची वाट पाहावी लागे, म्हणून त्याने 1870 च्या दशकात लाकडी रुळांची ट्रामगाडी टाकली. त्यावर साधं छोटं इंजिन चालवलं तेव्हा त्याच्या ताठ चौकटीने रूळ उखडले. तेवढंच वजन वाहणाऱ्या बोगीच्या वाघिणी मात्र बिनबोभाट जात. त्यावरून त्याने बॉयलर आणि इंजिन सरळ वाघिणीवर चढवलं आणि बोगीची चाकं गिअरने फिरवली. ओहायोतल्या लायमा गावच्या कारखान्याने 1880 मध्ये त्याच्या कल्पनेवरून पहिलं इंजिन बांधलं आणि 14 जून 1881 ला शेला पेटंट मिळालं. हा माणूस पत्र्याचा भारी शौकीन होता. हार्बर स्प्रिंग्जमधलं त्याचं षटकोनी घर ठसे मारलेल्या पोलादी पत्र्यानेच मढवलेलं आहे.

1945 पर्यंत लायमाने अशी सुमारे 2,770 इंजिनं बांधली. शेवटचं म्हणजे वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचं 6 क्रमांकाचं. 48 इंची चाकांचं हे अवजड धूड आज वेस्ट व्हर्जिनियातल्या कॅसला आहे. तिथेच 1905 चं 5 क्रमांकाचं शेही आहे आणि ते पहिल्या दिवसापासून कॅसमध्येच आहे. पहिल्या आणि शेवटच्या इंजिनाच्या मधल्या काळात दोन, तीन, क्वचित चार बोग्यांची, लाकूड, कोळसा किंवा तेल जाळणारी, वेगवेगळ्या गेजची, म्हणजे रुळांमधल्या अंतराची, असंख्य रूपं निघाली. शिवाय जंगलातल्या वर्कशॉपात प्रत्येक कंपनी मनाला येईल तसे बदल करी. कुठे ठिणग्या अडवणारी फुगीर चिमणी, कुठे नवी तेलाची टाकी, कुठे दुसऱ्याच इंजिनाची केबिन. त्यामुळे एका इंजिनाचा आराखडा जसाच्या तसा दुसऱ्याला लागू पडत नाही. तयार मॉडेल कितीही चांगलं असलं, तरी ते आपल्याला हव्या असलेल्या कंपनीचं आणि हव्या त्या वर्षातलं असेलच असं नाही. स्क्रॅचबिल्डिंगची, म्हणजे किटशिवाय सगळं स्वतः घडवण्याची, गरज इथूनच निर्माण होते.

शेचे दोन प्रतिस्पर्धी होते. पेनसिल्व्हेनियात कॉरीला बनणारं क्लायमॅक्स आणि ईरीला बनणारं हाइस्लर. हाइस्लरचे सिलिंडर इंग्रजी व्ही आकारात बॉयलरच्या खाली झुकलेले, तर क्लायमॅक्सचे दोन्ही बाजूंना तिरपे. दोघांचाही शाफ्ट मात्र चौकटीच्या मध्यरेषेवर, बोग्यांच्या पोटात असतो. मॉडेलकाराच्या दृष्टीने फरक इथेच पडतो. मधल्या शाफ्टच्या जागी वर्म गिअर (मळसूत्रासारखा गिअर) घातला तरी बाहेरून पत्ता लागत नाही. शेमध्ये असं केलं, तर बाहेरचा शाफ्ट नुसता शोभेचा उरतो आणि चाकं त्यालाच फिरवू लागतात. असंही करता येतं, काही जण करतातही, पण मग शे करायचं तरी कशाला?

आता छंदाकडे. अमेरिकेत ‘मॉडेल रेलरोडर’ मासिक जानेवारी 1934 मध्ये सुरू झालं आणि 1935 मध्ये मिलवॉकीत नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन स्थापन झाली. गेज आणि चाकांची मापं हळूहळू एकसारखी झाली. त्या काळी स्क्रॅचबिल्डिंग ही हौस नव्हती, नाइलाज होता, कारण बाजारात फारसं काही मिळतच नसे. बॉयलरला पितळी नळी किंवा लाकडी दांडा, केबिनला डब्याचा पत्रा किंवा जाड कार्ड, घड्याळातले गिअर. अशा गिअरांवर शेचा शाफ्ट चालवायचा म्हणजे दिव्यच होतं. घड्याळातले दाते एका दिशेने, हलक्या जोरावर चालायला केलेले असतात. गाडीचं वजन ओढताना ते लवकर झिजतात.

1950–60 च्या दशकांत दोन गोष्टी झाल्या. मेणाच्या नमुन्यावरून ओतलेले पितळी सुटे भाग केमट्रॉनसारख्या कंपन्या विकू लागल्या, त्यामुळे एअर पंप, व्हॉल्व्ह, घंटा हे हाताने कोरण्याची गरज उरली नाही. दुसरं म्हणजे वॉशिंग्टन राज्यातल्या पॅसिफिक फास्ट मेलने जपानच्या युनायटेड कंपनीकडून बनवून घेतलेली पितळी शे मॉडेलं एचओ मापात, म्हणजे 1:87 मध्ये, आणली. योगायोग असा की याच सुमारास जंगलातली खरी इंजिनं ट्रकांपुढे हरून भंगारात जात होती. रूळ उखडायच्या आत कॅमेरे आणि मोजपट्ट्या घेऊन गेलेल्या हौशी मंडळींनी घेतलेली मापं आजही कामाला येतात. मात्र कारखान्याच्या फोटोंमध्ये बहुधा इंजिनाची उजवी, देखणी बाजूच असते. डाव्या बाजूचे पाइप, पायऱ्या, टाक्या शोधायच्या तर असे जंगलातले फोटोच धुंडाळावे लागतात. बांधकाम सुरू करण्याआधी डाव्या बाजूचा एक तरी स्पष्ट फोटो हाती असावा. नाहीतर बॉयलर रंगवून झाल्यावर लक्षात येतं की पंप दुसरीकडेच होता.

आता त्या शाफ्टबद्दल. 1:48 मापाचं उदाहरण घेऊ. खऱ्या इंजिनाचं चाक 36 इंची असलं तर मॉडेलचं 19 मिमी भरतं. शेचा जंगलातला वेग ताशी 19 ते 20 किमी धरला, तर चाक मिनिटाला सुमारे 112 फेरे घेतं. वेग आणि चाक एकाच प्रमाणात लहान होत असल्याने मॉडेलचं चाकही तेवढेच फेरे घेतं. भाराखाली मोटर 7,000 फेऱ्यांवर चालत असेल तर एकूण 60 ला 1 अशी वेगाची घट लागते. बाहेरचे बेव्हल गिअर 2 ला 1 देत असतील तर मोटर आणि शाफ्टच्या मधला वर्म 30 ला 1 हवा. हे गणित न करता हाताला लागलेला 15 चा वर्म बसवला, की शे एक्स्प्रेससारखं पळतं आणि हळू चालवायला गेलं की अडखळतं.

बेव्हल गिअर 0.4 मॉड्युलचे (मॉड्युल म्हणजे मिमीतला व्यास भागिले दात्यांची संख्या) धरले, तर 40 दात्यांचा गिअर 16 मिमी आणि शाफ्टवरचा 20 दात्यांचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, 8 मिमी होतो. 19 मिमीच्या चाकावर 16 मिमीचा गिअर म्हणजे रुळाच्या माथ्यापासून दीड मिमीच मोकळं अंतर. हा गिअर रुळाच्या बाहेरच्या अंगाला असतो, त्यामुळे फाटकावरच्या फळ्या रुळाच्या माथ्याएवढ्या उंच ठेवल्या तरी काम अगदी काठावर येतं. त्या अर्धा मिमी खाली बसवाव्यात आणि खडीही रुळाच्या वर डोकावू देऊ नये.

खरी डोकेदुखी म्हणजे आसाचा बाजूचा खेळ. बोगीत आस 0.3 मिमी इकडे-तिकडे सरकत असला, तर उजवीकडे सरकल्यावर गिअर पिनियनवर दाबला जाऊन अडतो आणि डावीकडे सरकल्यावर दाते निसटतात. खेळ 0.1 मिमीच्या आसपास आणावा लागतो. त्यासाठी चाक आणि बेअरिंगच्या मध्ये पातळ पितळी शिमचे वॉशर घालतात. वॉशर एकेक करून चारही आसांना घालायचे आणि दर वेळी हाताने शाफ्ट फिरवून पाहायचं. मोटर जोडल्यावर तपासणं म्हणजे दोष मोटरच्या जोराखाली झाकणं.

प्लॅस्टिकच्या गिअरांची तक्रारही जुनीच. गिअरचं भोक पोलादी आसापेक्षा जरा जास्तच घट्ट असलं तर प्लॅस्टिकवर कायम ताण राहतो. काही वर्षांनी ते दोन दात्यांच्या मधे तडकतं आणि तिथे दात्यांमधलं अंतर वाढतं. चाकाच्या दर फेऱ्याला एकदा ‘टक’ असा आवाज येऊ लागला की हेच समजावं. डिंकाने सांधून ते टिकत नाही. नॉर्थवेस्ट शॉर्ट लाइनसारख्या कंपन्या बदली गिअर पुरवू लागल्या ते याच मागणीमुळे. आपण बनवणार असाल तर पितळेचे घ्यावेत, किंवा अॅसिटल या प्लॅस्टिकचे घेऊन भोक रीमरने नेमकं करावं.

युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे शाफ्ट कोनात असतानाही फिरता ठेवणारा दोन काट्यांचा सांधा. त्याबद्दल खऱ्या इंजिनाचा नियम मॉडेललाही लागू होतो. बाकाच्या कोनातला एक जॉइंट शाफ्टचा वेग दर फेऱ्यात दोनदा कमी-जास्त करतो. 15 अंशांना हा फरक सुमारे साडेतीन टक्के इकडे आणि तेवढाच तिकडे. मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच प्रतलात ठेवले आणि दोन्ही कोन सारखे असले, तर एक जॉइंट दुसऱ्याची चूक पुसून टाकतो. काटे 90 अंशांनी फिरले, तर चूक दुप्पट होते. सोल्डर करताना काटे सपाट फरशीवर आडवे ठेवून समांतर आहेत ना हे पाहावं. नुसत्या नजरेने लावले तर हमखास चुकतात. इंजिन सरळ रुळावर नीट आणि वळणावर लंगडत चालतं, तेव्हा बहुधा इथेच घोळ झालेला असतो.

मग येतो सरकता सांधा. शाफ्ट उजव्या बाजूला असल्याने उजवं वळण आलं की दोन्ही बोग्यांच्या उजव्या कडा जवळ येतात आणि शाफ्टला आखूड व्हावं लागतं. डाव्या वळणावर लांब. बोग्या ज्यांवर वळतात त्या खिळ्यांमधलं अंतर 100 मिमी, वळणाची त्रिज्या 380 मिमी आणि शाफ्ट मध्यरेषेपासून 16 मिमी दूर असेल, तर प्रत्येक बोगी साडेसात अंश वळते आणि सांधा 2.1 मिमी सरकतो. दोन्ही दिशा धरून 4.2, त्यावर थोडी सूट म्हणून 5 मिमीचा प्रवास द्यावा आणि पूर्ण बाहेर आलेल्या स्थितीतही 3 मिमी आत अडकलेलं राहावं. सांधा आखूड पडला की डाव्या वळणावर शाफ्ट सुटून खाली लोंबतो. आत जागा कमी पडली की उजव्या वळणावर शाफ्ट आतल्या टोकाला टेकतो, बोगीला ढकलतो आणि ती रुळावरून घसरते. लायमाने चौकोनी दांडा वापरला होता, मॉडेलमध्येही तोच सोयीचा. के अँड एस कंपनीची 3/32 इंची चौकोनी पितळी नळी आतून सुमारे 1.67 मिमी भरते आणि तिच्यात 1/16 इंची, म्हणजे 1.59 मिमीचा चौकोनी दांडा सहज सरकतो. कापल्यावर नळीच्या तोंडाची कड आतून कानसून घ्यावी, नाहीतर तीच कड दांड्याला धरून ठेवते.

विजेच्या बाबतीत शे जरा निराळं आहे. उजवी सगळी चाकं गिअर आणि शाफ्टमुळे धातूने जोडली गेलेली असतात. म्हणून उजवी बाजू चौकटीला जोडायची आणि चारही आसांवर डावंच चाक इन्सुलेट करायचं. एखादी बोगी उलटी बसली किंवा एकाच आसावर चुकून उजवं चाक इन्सुलेट झालं, तर रुळावर ठेवताच शॉर्ट सर्किट.

वजनाचा मेळ बसवतानाही खऱ्या इंजिनाकडे पाहावं लागतं. खऱ्या शेमध्ये सिलिंडर आणि शाफ्टचं वजन उजवीकडे असतं, म्हणून बॉयलर मध्यरेषेच्या डावीकडे सरकवलेला असतो. मॉडेलमध्ये सिलिंडर पोकळ आणि हलके, आणि आपण शिसं ओततो बॉयलरमध्ये. परिणामी इंजिन डावीकडे कलतं. शिशाचा थोडा भाग उजवीकडच्या पाण्याच्या टाकीत किंवा फूटप्लेटखाली घालावा. नंतर बोग्या काढून चौकट मधोमध दोन टेकूंवर ठेवून पाहावी.

मोठ्या मापात, म्हणजे खरोखर वाफेवर चालणाऱ्या मॉडेलांत, कोझो हिराओका या जपानी मॉडेलकाराचं काम वेगळं उठून दिसतं. साडेतीन इंची गेजवर शे, हाइस्लर आणि क्लायमॅक्स या तिन्ही इंजिनांचे प्रत्येक भागाच्या आकृतीसह क्रमवार आराखडे त्याने दिले. तिथे मात्र गिअरांना खरा भार सोसावा लागतो, त्यामुळे पितळेऐवजी पोलादाकडे वळावं लागतं.

गेल्या दशकात रेझिन प्रिंटरमुळे सिलिंडरचा जुडगा, चिमणी, डोम यांचं काम सोपं झालं. गिअर मात्र त्यात छापू नयेत, दाते ठिसूळ निघतात.

महाराष्ट्रातल्या मॉडेलकाराला वळणांच्या अशाच प्रश्नाचं वेगळं उत्तर घराजवळ सापडतं. नेरळ–माथेरान मार्गासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलने बांधलेली सहा चाकी इंजिनं 610 मिमी गेजची होती आणि तीव्र वळणांसाठी त्यांच्या टोकाच्या आसांना क्लीन-लिंडनर पद्धतीचा पोकळ, आतल्या गोल सांध्यावर फिरणारा आस होता. मार्ग 1907 मध्ये सुरू झाला. इथे वळणाची सगळी यंत्रणा आसाच्या आत आणि चौकट चाकांच्या बाहेर असल्याने मॉडेलमध्ये टोकाच्या आसांना अर्धा मिमी बाजूचा खेळ दिला तरी चालतं, बाहेरून काही दिसत नाही. 9 मिमीच्या तयार रुळावर हे इंजिन बसवायचं तर माप 1:68 च्या जवळ येतं. 1:48 मध्येच हवं असेल तर रूळ 12.7 मिमी गेजचे स्वतःच घालावे लागतात.