गर्भलिंगनिदान आणि गर्भपात: गुन्हा कशाचा, हक्क कशाचा

तालुक्याच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये आम्ही दोघी बाकड्यावर बसलो होतो. माझ्यासोबत आलेली बाई आमच्या गल्लीतलीच. धाकटं पोर दहा महिन्यांचं, अजून अंगावर पीत होतं. अंगावर पाजतोय तोवर दिवस जात नाहीत असं सासूने सांगितलं होतं आणि तिचा त्यावर विश्वास होता. दिवस गेले. तिसरं मूल नको, हे तिने घरी नवऱ्याला आणि बाहेर मला, दोघांनाही नीट सांगितलं होतं. नंबर यायच्या जरा आधी ती एकदम उठली आणि पदर सावरत म्हणाली, "ताई, चला घरी. हितं लिहिलंय बघा, गुन्हा हाय."

समोर पाटी होती. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. गर्भलिंग निदान करणे हा कायद्याने गुन्हा आहे.' मोठी लाल अक्षरं. तिने 'गर्भ' वाचलं, 'गुन्हा' वाचलं आणि मधला शब्द सोडून दिला. तिला दोष देत नाही मी. गेली पंधरा-वीस वर्षं एसटी स्टँडच्या भिंतींपासून शाळेच्या प्रभातफेरीपर्यंत आपण सगळ्यांनी हा मधला शब्द सोडूनच वाचलंय. शिकलेली माणसंही मला बिनदिक्कत सांगतात, "गर्भपाताला आता बंदी आहे ना?"

बंदी नाही. दोन वेगळे कायदे आहेत. एक पोटात मुलगा आहे की मुलगी हे शोधायला आणि सांगायला मनाई करतो. दुसरा, नको असलेला गर्भ सुरक्षितपणे काढून घ्यायची सोय देतो.

यातला सोय देणारा कायदा वयाने मोठा. १८६० च्या भारतीय दंड संहितेत बाईचा जीव वाचवण्यापलीकडे गर्भपाताला परवानगीच नव्हती. त्यामुळे व्हायचं ते चोरून व्हायचं, काड्या घालून, जडीबुटी देऊन, आणि बायका मरायच्या. म्हणून १९६४ मध्ये केंद्राने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे आपल्या महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. समितीचा अहवाल १९६६ मध्ये आला, १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. दवाखान्यात सगळे त्याला 'एमटीपी' म्हणतात. बोलताना तेच 'पिशवी साफ करणं' होतं.

मनाई करणारा कायदा नंतर आला, आणि त्याचीही सुरुवात महाराष्ट्रातच झाली. गर्भजल तपासणी आली होती ती बाळातले आजार ओळखण्यासाठी. १९८० च्या दशकात मुंबईत ती मुलगी असेल तर पाडण्यासाठी उघडपणे वापरली जाऊ लागली. स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला असा कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो कागदावरच राहतोय हे पाहून २००० साली मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ मध्ये कायदा कडक झाला आणि गर्भधारणेआधीची लिंगनिवडही त्यात आली. त्याची गरज किती होती ते जनगणना सांगते. सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४ उरल्या.

या लढ्यात मागणी होती ती चाचणीवर बंदीची. गर्भपातावर बंदी यावी असं त्या बायकांनी म्हटलं नव्हतं. पुढे सरकारी पोस्टरवर 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द चढला आणि घोटाळा झाला असं माझं ठाम मत आहे. त्यातली 'स्त्री' मागे पडली आणि 'भ्रूणहत्या' लोकांच्या तोंडी बसली. एकदा 'हत्या' म्हटलं की सहाव्या आठवड्यात गोळ्या घेणारी बाईसुद्धा खुनी ठरते. म्हणून मी 'गर्भलिंगनिवड' म्हणते. शब्द जरा जड आहे, पण बरोबर आहे.

दोन्ही कायदे खरे समजतात ते त्यांच्या फॉर्मांवरून, आणि त्या दिवशी मी तिला तेच दाखवले. सोनोग्राफीआधी तिच्यापुढे आला तो फॉर्म एफ. कोणत्याही गरोदर बाईची सोनोग्राफी असो, हा भरावाच लागतो. त्यात तिने सही करायची असते ती एका वाक्याखाली: सोनोग्राफी करून मला माझ्या गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. एवढंच. गर्भ ठेवणार की नाही, असं तो फॉर्म विचारत नाही. पुढे गर्भपात करायचा ठरला तर दुसरा कागद येतो, फॉर्म सी. त्यावर बाईचं नाव, वय, पत्ता आणि तिची संमती. नवऱ्याच्या सहीला त्यात जागाच नाही. सासूच्याही नाही. बाई अठरा वर्षांच्या वरची असेल आणि मानसिक आजाराने निर्णय अडत नसेल, तर कायद्याला एकटीची सही पुरते. तरीही "मिस्टरांना घेऊन या" म्हणत परत पाठवणारे दवाखाने मी पाहिलेत. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय की कायद्यात नसलेल्या असल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत.

दोन्ही फॉर्म एकाच आठवड्यात, एकाच बाईकडून, कुठलाही कायदा न मोडता भरले जाऊ शकतात, कारण गर्भ किती दिवसांचा आहे आणि पिशवीतच आहे ना, हे बघायला सोनोग्राफी करतात. आमच्या बाबतीत तसंच झालं. सोनोग्राफीत निघाले सहा आठवडे, चार दिवस.

आठवडे इथे फार महत्त्वाचे आहेत. बारा आठवड्यांच्या आत सोनोग्राफीत मुलगा-मुलगी खात्रीने कळत नाही. आणि गोळ्यांनी होणारा गर्भपात कायद्याने नऊ आठवड्यांपर्यंतचा. म्हणजे जी बाई सात-आठ आठवड्यांत गोळ्या मागते, तिच्यावर 'मुलगी म्हणून पाडतेय' असा संशय घ्यायला सोनोग्राफीचा आधारच नाही. तरी २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीचं बेकायदा लिंगनिदान आणि गर्भपाताचं प्रकरण गाजलं, तपासण्या सुरू झाल्या आणि त्यानंतर कितीतरी औषधवाल्यांनी या गोळ्या ठेवणंच बंद केलं. गुन्हा मशीनवाल्याचा, चाप बसला गोळ्यांवर. चिठ्ठी हातात असून चार दुकानं फिरलेल्या बाया मला माहीत आहेत.

आता गर्भपाताचा कायदा नेमकं काय देतो ते. २०२१ मध्ये त्यात मोठा बदल झाला आणि तो २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. बाईच्या जिवाला किंवा शरीर-मनाच्या आरोग्याला धोका, बाळात गंभीर व्यंग, बलात्कार ही कारणं पूर्वीपासून होती. कुटुंबनियोजनाचं साधन फसणं हेही कारण होतं, पण फक्त लग्न झालेल्या बाईसाठी. आता कायद्यात 'नवरा' जाऊन 'जोडीदार' आलाय, म्हणजे लग्न न झालेली मुलगीही तेच कारण सांगू शकते. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात आणि ती मुभा ठरावीक बायकांना आहे: बलात्कार झालेल्या, अठरा वर्षांखालच्या, गरोदरपणातच विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अपंगत्व किंवा मानसिक आजार असलेल्या, बाळात व्यंग निघालेल्या, आपत्तीत सापडलेल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच निकालाने अविवाहित बाईला यात घेतलं, आणि नवऱ्याने केलेली जबरदस्तीही या कायद्यापुरती बलात्कारात धरली. बाईचा जीव वाचवायला तातडीने करावा लागला, तर आठवड्यांची मर्यादा नाही. एरवी चोवीसच्या पुढे फक्त बाळात गंभीर व्यंग असेल तर, आणि तेही वैद्यकीय मंडळाने ठरवायचं. मंडळाने तीन दिवसांत उत्तर द्यायचं असतं. बाकीच्यांना कोर्टाची पायरी चढावी लागते.

हेही सांगायला हवं, की निर्णयाची किल्ली आपल्याकडे पूर्णपणे बाईच्या हातात नाही. डॉक्टरांचं मत लागतंच. कायद्याच्या चौकटीबाहेर केलेला गर्भपात भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ खाली आजही गुन्हा आहे. आणि मुलगी आहे म्हणून नको, हे कारण तर कुठल्याच आठवड्यात बसत नाही. त्या बाबतीत मनाई करणारा कायदा चाचणी करणाऱ्या डॉक्टरला पहिल्या गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो, चाचणी करायला लावणाऱ्या नातेवाइकांनाही सोडत नाही. मात्र बाईवर घरच्यांनी दबाव आणला असं न्यायालय गृहीत धरतं, उलट सिद्ध होईपर्यंत.

बायकांना सगळ्यात जास्त भीती गावात कळण्याची असते. इथे दोन्ही कायदे अगदी उलट वागतात. फॉर्म एफ सरकारी तपासणीसाठीच असतो, अधिकारी तो मागू शकतात. फॉर्म सी लिफाफ्यात बंद होतो आणि लिफाफ्यावर 'गोपनीय' लिहायचं असतं. बाईचं नाव एकाच रजिस्टरमध्ये, बाकी केसपेपरवर, ऑपरेशनच्या नोंदीत तिचा फक्त क्रमांक. कायद्याने अधिकार नसलेल्या कुणाला डॉक्टरने नाव सांगितलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अठरा वर्षांखालच्या मुलीसोबत पालकांची लेखी संमती लागते आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, पण मुलीने आणि पालकांनी सांगितलं तर तिचं नाव देण्याची गरज नाही, हेही न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं.

मग जायचं कुठे? आधी आशाताई किंवा सिस्टर, पण त्या गावातल्याच असतात, संकोच वाटला तर सरळ उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात. खासगी दवाखाना असेल तर त्याला गर्भपात केंद्राची मान्यता हवी, आणि त्याचं प्रमाणपत्र, फॉर्म बी, लोकांना दिसेल असं लावलेलं हवं. बहुतेक ठिकाणी ते काउंटरमागे कॅलेंडरच्या आड असतं, विचारून बघा. छोट्या क्लिनिकमध्ये नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्या मिळू शकतात, फक्त त्या डॉक्टरची मान्यताप्राप्त केंद्राशी जोडणी हवी. मुंबई-पुण्यात भारतीय कुटुंब नियोजन संघटनेसारख्या जुन्या संस्था आहेत. मोबाईलवर कुणी नाव-पत्ता न सांगता गोळ्या घरपोच देतो म्हटलं, तर नको. २०१५ मध्ये देशात झालेल्या सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपातांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्यांवरच झाले, असा अंदाज 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आला होता. गोळ्या चांगल्याच आहेत. पण गर्भ नळीत असेल तर त्या काम करत नाहीत आणि नळी फुटली तर जीव जातो. गोळ्या घेतल्यावर लागोपाठ दोन तास दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, किंवा ताप उतरतच नसेल, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

आमच्या बाईने फॉर्म सी वर सही केली तेव्हा तिचा हात जरा थांबला. "नाव माहेरचं लिहू का सासरचं?" एवढंच विचारलं तिने. पंधरा दिवसांनी तपासणीला ती एकटीच गेली होती, मला नंतर कळलं.

घराबाहेर पडण्याआधी एक काम करा. भिंतीवरचं कालनिर्णय काढा, जिथे दुधाचे खाडे मांडता आणि पाळीच्या तारखेला टिंब देता. शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली, तिथून आठवडे मोजा. संबंध आला त्या दिवसापासून नाही, पाळी चुकली त्या दिवसापासूनही नाही. महिन्याच्या महिन्याला येणारी पाळी चुकून दोन आठवडे झाले असतील, तर डॉक्टरच्या हिशोबात तुमचे सहा आठवडे झालेत. गोळ्यांसाठी तीन आठवडे उरलेत. त्या टिंबाभोवती गोल करा आणि तो आकडा डॉक्टरला आधी सांगा.