लेखानुदान

नव्या आर्थिक वर्षाचा अर्थसंकल्प पूर्णपणे संमत होण्यापूर्वी, वर्षाच्या काही भागातील अंदाजित खर्चासाठी विधिमंडळाने शासनाला आगाऊ दिलेली मंजुरी. भारतात केंद्रासाठी संविधानाच्या अनुच्छेद ११६ मध्ये आणि राज्यांसाठी अनुच्छेद २०६ मध्ये तिची तरतूद आहे. प्रत्ययानुदान (तपशील आधी सांगता न येणाऱ्या अनपेक्षित गरजेसाठी) व अपवादात्मक अनुदान (कोणत्याही वर्षाच्या चालू सेवेचा भाग नसलेल्या खर्चासाठी) हे प्रकारही याच अनुच्छेदांत येतात; त्यांचा वापर मात्र विरळा.

ही पद्धत ब्रिटिश संसदेतून आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तेथे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होई आणि खर्चाच्या अंदाजपत्रकांवरील चर्चा उन्हाळ्यापर्यंत चाले. लष्कर व नौदल यांच्या रकमा एका शीर्षाखालून दुसऱ्याखाली वळवता येत असल्याने एखादी मोठी मागणी आधी मंजूर केली की त्यांची निकड भागत असे. मुलकी खात्यांना ही सवलत नव्हती. त्यांच्यासाठी लेखानुदान घेण्याची प्रथा बहुधा एकोणिसाव्या शतकात स्थिरावली. भारतीय तरतूद ही या प्रथेची सरळ उचल आहे, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार तिची खरी गरज संविधानाच्या अनुच्छेद ११४ मुळे निर्माण झाली. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली प्रांतांत विनियोजन कायदा, म्हणजे मंजूर रकमा खर्चण्याची परवानगी देणारा कायदा, लागत नसे. मंजूर खर्चाचे परिशिष्ट गव्हर्नरच्या सहीने प्रमाणित झाले की काम भागे. अनुच्छेद ११४ ने मात्र कायद्याने विनियोजन झाल्याशिवाय एकत्रित निधीतून, म्हणजे शासनाचा महसूल व कर्जे जमा होतात त्या मुख्य निधीतून, पैसा काढण्यास मनाई केली. मागील वर्षाची मंजुरी ३१ मार्चला संपते. त्यामुळे नवा विनियोजन कायदा तोवर झाला नाही, तर १ एप्रिलपासून वेतन देण्यासही कायदेशीर आधार उरत नाही. तरतुदीचे शब्द ब्रिटिश वळणाचे असले, तरी तिची अपरिहार्यता या दुसऱ्या मताने अधिक नीट उलगडते.

लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांतील नियम २१४ नुसार लेखानुदानाच्या प्रस्तावात एकूण रक्कम नमूद करतात आणि जोडलेल्या अनुसूचीत मंत्रालय, विभाग किंवा खर्चाची बाब यांनुसार तिची फोड देतात. कपात सुचवणाऱ्या दुरुस्त्या मांडता येतात, सर्वसाधारण चर्चाही होऊ शकते. मागण्यांच्या तपशिलात मात्र आवश्यकतेपलीकडे शिरायचे नसते. प्रस्ताव संमत झाल्यावर विनियोजन (लेखानुदान) विधेयक येते. भारित खर्चावर (संविधानाने थेट निधीवर टाकलेला खर्च, उदा. न्यायाधीशांचे वेतन) मतदान होत नाही, तरी निधीतून पैसा काढण्यासाठी त्याचाही या विधेयकात समावेश करावाच लागतो. पुढे संपूर्ण वर्षाचा विनियोजन कायदा होतो, तेव्हा त्यातील रकमा लेखानुदानाच्या रकमांसह धरलेल्या असतात. म्हणजे लेखानुदान ही वेगळी जादा रक्कम नसून वार्षिक मंजुरीचाच आधी उचललेला हिस्सा होय. दोन महिन्यांचे लेखानुदान साधारणपणे वार्षिक अंदाजाच्या एक षष्ठांश असते. हंगामी खर्चाच्या बाबींत हे प्रमाण बदलते. नव्या सेवेवरील, म्हणजे आधी मंजुरी नसलेल्या नव्या कामावरील, खर्च त्यातून करू नये, असा संकेत आहे.

अंतरिम अर्थसंकल्प व लेखानुदान यांची वृत्तपत्रांत नेहमी गल्लत होते. अंतरिम अर्थसंकल्पात जमा व खर्च या दोन्ही बाजू असतात. लेखानुदानाचा संबंध फक्त खर्चाशी. निवडणूक तोंडावर असताना करांत मोठे बदल करू नयेत, ही परंपरा आहे. संविधानात तसे बंधन नाही. फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात पाच लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर प्राप्तिकराची पूर्ण सूट जाहीर झाली, तेव्हा या परंपरेवर बराच वाद झाला. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात करांचे दर कायम ठेवले गेले. पूर्ण अर्थसंकल्प २३ जुलैला आला. १९९१ मध्ये ४ मार्चला यशवंत सिन्हा यांनी अंतरिम अर्थसंकल्प मांडला आणि निवडणुकीनंतर २४ जुलैला मनमोहन सिंग यांनी पूर्ण. या मधल्या काळातील खर्च लेखानुदानावर चालला.

पूर्वी अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या अखेरीस येई आणि विभागीय स्थायी समित्यांची (१९९३ पासून) छाननी मार्चअखेर पुरी होत नसे. त्यामुळे लेखानुदान जवळजवळ दरवर्षीचे झाले होते. २०१७ पासून अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो, आणि निवडणुकीची वर्षे वगळता केंद्रात लेखानुदानाची गरज सहसा पडत नाही. महाराष्ट्रातही २०१९ व २०२४ मध्ये फेब्रुवारीत अंतरिम आणि जूनमध्ये अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला.

राष्ट्रपती राजवटीतील राज्याचे लेखानुदान संसद मंजूर करू शकते. लोकसभेचे अधिवेशन चालू नसेल, तर संसदेची मंजुरी मिळेपर्यंत राज्याच्या एकत्रित निधीतून खर्चास परवानगी देण्याचा अधिकार अनुच्छेद ३५७ ने राष्ट्रपतींना दिला आहे. उत्तराखंडात २०१६ मध्ये मात्र लेखानुदानाचा अध्यादेशच काढण्यात आला आणि त्याच्या वैधतेवर प्रश्न उपस्थित झाला.

अमेरिकेत हेच काम अल्पमुदतीचे ठराव करतात. ते संमत न झाल्यास सरकारी कामकाज अंशतः बंद पडते. जर्मनीच्या संविधानाच्या अनुच्छेद १११ नुसार अर्थसंकल्पाला विलंब झाला, तरी आधीपासून चालू असलेल्या जबाबदाऱ्यांचा आवश्यक खर्च वेगळ्या मतदानाविना करता येतो.