युनिक्स सर्व्हर : प्रवेश व प्रशासकीय अधिकारांचे नियंत्रण

युनिक्स किंवा त्या कुळातील परिचालन प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये लॉगिन कोणी करावे आणि प्रशासकाची कामे कोणाला करता यावीत, हे ठरवणारी व्यवस्था. ही प्रणाली वापरकर्त्याला मूलतः क्रमांकाने ओळखते. ० हा क्रमांक रूट या सर्वाधिकारी खात्याचा. फाइलींवरच्या नेहमीच्या परवानग्या त्याला अडवत नाहीत.

पासवर्डांची कूटरूपे पूर्वी सर्वांना वाचता येणाऱ्या फाइलीत असत. रॉबर्ट मॉरिस व केन टॉमसन यांनी १९७९ च्या लेखात प्रत्येक पासवर्डात ४,०९६ पैकी एक सॉल्ट (यादृच्छिक भर) मिसळण्याची पद्धत मांडली. पुढे ही कूटरूपे सामान्य वापरकर्त्यांना न दिसणाऱ्या शॅडो फाइलीत गेली.

‘सू’ आज्ञेने रूट होण्यासाठी रूटचाच पासवर्ड लागतो. तो चौघांना माहीत असला की एखादा बदल कोणी केला हे सांगणे कठीण होते. ‘सुडो’ या दुसऱ्या आज्ञेमध्ये सामान्यतः ज्याचा त्याचा पासवर्ड चालतो, नेमून दिलेल्याच आज्ञा चालतात आणि नोंद राहते. सुडोचा उगम बफेलो येथील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात, बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांच्याकडे, १९८० च्या सुमारास मानतात. मात्र सुडो प्रथम ज्यावर चालला असे सांगतात, तो व्हॅक्स-११/७५० संगणक ऑक्टोबर १९८० मध्ये बाजारात आला आणि त्यावरची ४.१ बीएसडी ही युनिक्स कुळातील प्रणाली १९८१ मध्ये प्रसृत झाली. त्यामुळे त्या जोडीवरील वापर १९८१ किंवा त्यानंतरचा धरणे अधिक सयुक्तिक वाटते. डिसेंबर १९८५ मध्ये सुधारित आवृत्ती यूजनेट या संगणकीय चर्चाजाळ्यावर प्रसिद्ध झाली. १९९४ पासून टॉड मिलर यांच्या आवृत्त्या आहेत. सुडोचे नियम ‘व्हिसुडो’ या आज्ञेनेच बदलावेत, कारण ते जतन करण्याआधी व्याकरण तपासते. सुडोतून ‘व्हीआय’सारखा संपादक उघडू देणे धोक्याचे, त्यातून थेट रूटचे शेल (कोणतीही आज्ञा देण्याची सोय) मिळते.

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागासारख्या ठिकाणी दरवर्षी एक तुकडी येते व एक जाते, त्यामुळे खाती बंद करणे हे उघडण्याइतकेच महत्त्वाचे ठरते. केवळ पासवर्ड कुलूपबंद केल्याने एसएसएच किल्लीचा (पासवर्डाऐवजी किल्ली-फाइलीने दुरून लॉगिन करण्याचा) मार्ग बंद होतोच असे नाही. खात्याची मुदतही संपवावी लागते. सोडून गेलेल्याचा क्रमांक नव्या विद्यार्थ्याला दिल्यास जुन्या फाइलींची मालकीही त्याच्याकडे जाते. गोकुळ शिरगाव वा शिरोली औद्योगिक वसाहतीतील कारखान्याचा सर्व्हर बाहेरची संस्था सांभाळत असेल, तर तिच्या प्रत्येक माणसाला स्वतंत्र खाते द्यावे आणि रूटचे दूरस्थ लॉगिन बंद ठेवावे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. रूटला त्याच यंत्रावरची नोंद पुसता येते; म्हणून तिची प्रत दुसऱ्या यंत्रावर पाठवणे इष्ट.